ताकेदा घराण्याचा उदय आणि अस्त : वाचायला कुठून सुरुवात करायची आणि कसं वाचायचं

जपानच्या सामुराई काळात शिरायचं म्हटलं की बहुतेक जण ओदा नोबुनागापासून सुरू करतात, मग हिदेयोशी, मग तोकुगावा, म्हणजे जे जिंकले त्यांच्यापासून. माझं म्हणणं असं की एक हरलेलं घराणं धरा आणि ते शेवटपर्यंत सोडू नका, आणि त्यासाठी काई प्रांताच्या ताकेदांसारखं दुसरं घराणं मला तरी सापडलेलं नाही. घराणं तसं जुनं, पण ज्याला आपण त्यांचं साम्राज्य म्हणतो ते १५४१ ते १५८२ एवढ्यातलं, जेमतेम ४१ वर्षं, बाप आणि मुलगा, दोन पिढ्या. एवढ्यात सगळं उभं राहिलं आणि सगळं गेलं.

नेटवर जी गोष्ट सगळीकडे मिळते ती अशी की बाप शिंगेन थोर, मुलगा कात्सुयोरी उतावळा, १५७५ ला नागाशिनोच्या लढाईत त्याने घोडदळ बंदुकांवर घातलं आणि घराणं संपलं. हे वाचून तिथेच थांबू नका प्लीज, कारण नागाशिनोनंतर हे घराणं अजून सात वर्षं उभं होतं, मधल्या काळात कोझुके प्रांतात त्यांचा मुलूख वाढलासुद्धा. एका लढाईत संपलेलं घराणं सात वर्षं कसं टिकेल? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मग कामाला लागा.

आधी नकाशा. पुस्तक नंतर उघडा. काई म्हणजे आजचा यामानाशी जिल्हा, मध्यभागी कोफूचं खोरं, चारही बाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी, आणि समुद्र कुठेच नाही. वायव्येला शिनानो, म्हणजे आजचं नागानो, हा प्रदेश मोठा पण डोंगरांनी कापलेला, खोऱ्याखोऱ्यात वेगळा सरदार. दक्षिणेला सुरुगा, म्हणजे आजच्या शिझुओकाचा भाग, तिथे इमागावा घराणं आणि समुद्र. पूर्वेला ओदावाराचे होजो. शिनानोच्या पलीकडे उत्तरेला एचिगो, तिथे उएसुगी केनशिन. पश्चिमेला मिकावात तोकुगावा इएयासु आणि त्याच्या मागे ओदा नोबुनागा. एवढी नावं पेन्सिलने टाका, कारण पुढे जे काही होतं ते सगळं 'समुद्र नाही आणि चारही बाजूंना शेजारी' या एका गोष्टीतून होतं. १५६७ च्या सुमाराला इमागावांनी काईचं मीठ तोडलं, आणि केनशिनने शत्रू असूनही मीठ पाठवलं अशी जी गोष्ट सांगतात ती दंतकथा आहे, पण मीठ तोडता येतं एवढं तरी तिच्यातून लक्षात ठेवा.

दुसरी कटकट नावांची आणि तारखांची, ती सुरुवातीलाच मिटवून टाका. जपानी नावात आडनाव आधी येतं. माणूस आयुष्यात नाव बदलतो, म्हणजे ताकेदा हारुनोबु आणि ताकेदा शिंगेन एकच (शिंगेन हे १५५९ नंतरचं, दीक्षा घेतल्यावरचं नाव), नागाओ कागेतोरा आणि उएसुगी केनशिन एकच. तारखांचं असं की जुनं जपानी कॅलेंडर चांद्र होतं, त्यामुळे मिकातागाहाराची लढाई एका पुस्तकात १५७२ ची दिसेल आणि दुसऱ्यात १५७३ ची, दोन्ही चूक नाहीत, बाराव्या महिन्याचा २२ वा दिवस म्हणजे युरोपीय कॅलेंडरने २५ जानेवारी १५७३. आपल्याला तिथीची सवय आहे त्यामुळे हे आपल्याला लवकर समजतं. वहीत दोन रकाने करा, एक चांद्र आणि एक इंग्रजी, आणि मिसळू नका.

आता महत्त्वाचं. वाचन शेवटापासून सुरू करा. १५८२ चं वर्ष आधी वाचा, चांद्र दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून तिसऱ्या महिन्याच्या ११ व्या दिवसापर्यंत, चाळीस दिवस. दिवसवार लिहून काढा, हा एक तास वाया जाणार नाही.

सुरुवातीला शिनानोतला किसो योशिमासा फुटून नोबुनागाला मिळाल्याची बातमी. कात्सुयोरीकडे किसोची माणसं ओलीस होती, त्यांना मारलं गेलं. नोबुनागाचा मुलगा नोबुतादा फौज घेऊन शिनानोत शिरतो. त्यात असामा ज्वालामुखीचा उद्रेक होतो आणि लोक तो अपशकुन समजतात. एकामागून एक किल्ले लढाई न करताच मोकळे होतात, फक्त ताकातो किल्ल्यावर कात्सुयोरीचा सावत्र भाऊ निशिना मोरिनोबु शरण जायला नकार देतो आणि लढून मरतो. तेवढ्यात दक्षिणेकडून आनायामा बाइसेत्सु तोकुगावाला मिळतो. कात्सुयोरी स्वतःचा नवा कोरा शिनपू किल्ला, जिथे राहायला येऊन त्याला अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते, स्वतःच जाळतो आणि पूर्वेकडे ओयामादा नोबुशिगेच्या इवादोनो किल्ल्याकडे निघतो. वाटेत ओयामादा रस्ता अडवतो. सोबतची माणसं रोज गळत जातात, शेवटी तेनमोकु डोंगराच्या पायथ्याशी तानो नावाच्या जागी शंभराच्या आसपास माणसं उरतात, त्यातही बायका बऱ्याच. ३ एप्रिल १५८२ ला कात्सुयोरी, त्याची १९ वर्षांची होजो घराण्यातली बायको आणि १६ वर्षांचा मुलगा नोबुकात्सु, तिघांचा तिथेच शेवट होतो.

या बायकोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या महिन्याच्या १९ व्या दिवसाचं तिच्या नावाचं एक प्रार्थनापत्र निरासाकीच्या ताकेदा हाचिमान मंदिराकडे आहे, नवऱ्याला जय मिळू दे म्हणून देवाला घातलेलं साकडं. तिचं माहेर तेव्हा शत्रूच्या बाजूला होतं, ती परत जाऊ शकली असती, गेली नाही. तारीख बघा, शेवटाच्या फक्त तीन आठवडे आधीची.

हे चाळीस दिवस लिहून झाले की तीन नावांना गोल करा, किसो, आनायामा, ओयामादा, आणि प्रत्येकाच्या पुढे दोन गोष्टी लिहा, ताकेदांशी नातं काय आणि स्वतःची जमीन कुठली. किसो हा शिंगेनचा जावई. आनायामा तर शिंगेनच्या बहिणीचा मुलगा आणि वर शिंगेनचाच जावई. आणि जमिनीचं म्हणाल तर आनायामांचं खोरं काईच्या दक्षिणेला फुजी नदीच्या काठाने, ओयामादांचं गुन्नाई काईच्या पूर्वेला, दोघंही आपापल्या मुलखाचे पिढीजात मालक. म्हणजे ज्या काईला आपण ताकेदांचं घर म्हणतो त्या घरातल्याच दोन मोठ्या खोल्या दुसऱ्यांच्या मालकीच्या होत्या, शिंगेनच्या बापाने, नोबुतोराने, त्यांना लढून आणि सोयरीक करून आपल्या बाजूला आणलं होतं. माझ्या मते या घराण्याच्या उदयाची आणि अस्ताचीही किल्ली इथेच आहे. ताकेदा हे राजे कमी आणि सरदारांच्या गटाचे प्रमुख जास्त, आणि प्रमुख माणूस जोपर्यंत मला वाचवायला येईल असा विश्वास आहे तोपर्यंतच गट टिकतो.

हे डोक्यात ठेवून आता मागे १५४१ ला जा. २० वर्षांचा हारुनोबु, म्हणजे पुढचा शिंगेन, बापाला घालवून देतो. नोबुतोरा जावयाला भेटायला सुरुगात गेला, जावई म्हणजे इमागावा योशिमोतो, आणि मागे सीमेवर रस्ता बंद झाला, संपलं, रक्ताचा थेंब न सांडता. सरदारांची संमती होती म्हणूनच हे झालं. बरेच जण हा प्रसंग मुलगा किती धूर्त म्हणून वाचतात, तुम्ही तो सरदारांच्या बाजूने वाचा, त्यांना बाप नकोसा झाला होता म्हणून त्यांनी मुलाला बसवलं, आणि ज्यांनी बसवलं ते उठवूही शकतात हे शिंगेनला आयुष्यभर माहीत होतं. (नोबुतोरा मात्र मुलापेक्षा जास्त जगला, १५७४ ला ताकातोला वारला, कोफूला परत काही आला नाही.)

पुढची पायरी, लढाया बाजूला ठेवून कारभार वाचा. हा भाग लोक गाळतात आणि मला तोच सगळ्यात आवडतो. १५४७ चा काईचा कायदा घ्या, त्यात एक कलम असं आहे की खुद्द हारुनोबुने जरी नियम मोडला तरी लहानमोठ्या कुणीही लेखी तक्रार द्यावी. मग पाणी. कोफूच्या खोऱ्यात कामानाशी आणि मिदाई या दोन नद्या भेटतात तिथे दर पुरात गावं वाहून जायची. शिंगेनच्या लोकांनी मिदाईची धार फोडून तिला वळवलं आणि ताकाइवाच्या कड्यावर नेऊन आपटवलं म्हणजे जोर तिथेच मरतो, खाली काठाला सलग भिंत न घालता तुटक तुटक तिरके बांध घातले, पूर आला की पाणी फटीतून मागे शेतात पसरतं आणि ओसरताना त्याच वाटेने नदीत परत जातं. प्रवाहात लाकडी तिकाटणी रोवली, त्यांना जपानीत पवित्र बैल अशा अर्थाचं नाव आहे. आणि १५६० मध्ये बांधाजवळ येऊन राहील त्याला कर माफ असं लिहून दिलं, म्हणजे बांध राखायला गावच वसवलं. याला शिंगेनचा बांध म्हणतात आणि तो आजही आहे. एखादा कागद घेऊन याचं चित्र स्वतः काढून बघा, वाचून जे समजत नाही ते काढताना समजतं.

तिसरं सोनं. कुरोकावा आणि युनोओकुच्या खाणी, आणि खाणकामगारांचे जवळजवळ स्वतंत्र असे गट, जे वेढ्यात भुयार खणायलाही कामाला यायचे. काईच्या सोन्याच्या नाण्यात चाराच्या पटीची मोजणी होती, तीच पुढे एदोच्या काळात तोकुगावांनी सगळ्या देशात चालवली. पैसा कुठून येत होता हे कळल्याशिवाय एवढ्या मोहिमा कशा झाल्या हे कळत नाही.

आता लढाया. शिनानो जिंकायला शिंगेनला दहाबारा वर्षं लागली आणि तो हरलाही, १५४८ ला उएदाहाराला दोन ज्येष्ठ सरदार गमावले, १५५० ला तोइशी किल्ल्यावर मार खाल्ला, आणि तोच किल्ला पुढच्या वर्षी सानादा युकिताकाने लढाई न करता फितुरीने घेऊन दिला. हे सानादा लक्षात ठेवा. कावानाकाजिमाच्या पाच लढाया, १५५३ ते १५६४, यांना एक संध्याकाळ पुरे. चौथी, १५६१ ची, तेवढी नीट वाचा कारण त्यात शिंगेनचा सख्खा भाऊ नोबुशिगे पडला, आणि घरात मोठ्याला सुनावू शकेल असा माणूस गेला. केनशिनने घोड्यावरून तलवार चालवली आणि शिंगेनने ती लोखंडी पंख्यावर झेलली ही गोष्ट सुंदर आहे, पुतळेही आहेत, पण पुरावा म्हणून धरू नका.

इथे थांबून सोयरिकींचा तक्ता काढा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. १५५४ च्या सुमाराला ताकेदा, इमागावा आणि होजो या तिघांनी एकमेकांना मुली दिल्या. इमागावांची मुलगी शिंगेनच्या थोरल्या मुलाला, योशिनोबुला. शिंगेनची मुलगी होजो उजिमासाला. होजोंची मुलगी इमागावा उजिझानेला. तीन बाण गोलात फिरतात बघा. या त्रिकोणामुळे शिंगेनची पाठ सुरक्षित झाली. मग १५६० ला ओकेहाझामाला नोबुनागाने इमागावा योशिमोतोला मारलं आणि सुरुगा दुबळा झाला, समुद्र समोर दिसायला लागला.

शिंगेनने सुरुगा घ्यायचं ठरवलं, आणि योशिनोबु, ज्याची बायको तिथलीच, तो आड आला. १५६५ ला कटाच्या आरोपावरून त्याला कोंडलं, १५६७ ला तो कैदेतच मेला. १५६८ ला शिंगेन सुरुगात घुसला. होजोंची मुलगी पालखीसुद्धा न मिळता पायी पळाली आणि तिचा बाप उजियासु संतापला, त्रिकोण तुटला. माझ्या वाचनात घराण्याचा उतार इथून सुरू होतो, नागाशिनोच्या सात वर्षं आधी, शिंगेन जिवंत असताना आणि नकाशावर मुलूख वाढत असताना. कारण समुद्र मिळाला पण तयार वारस गेला.

म्हणून आता कात्सुयोरी कसा आला ते बघा. त्याची आई सुवा घराण्याची, आणि त्या घराण्याच्या प्रमुखाला शिंगेननेच १५४२ ला संपवलं होतं. मुलाचं नावच सांगतं, ताकेदांच्या नावात 'नोबु' असतं, कात्सुयोरीतलं 'योरी' सुवांचं. तो सुवांचा वारस म्हणून वाढला, ताकातोचा किल्लेदार झाला, आणि भाऊ मेल्यावर अचानक ताकेदांचा वारस. जुन्या सरदारांच्या डोळ्यांनी बघा, कालपर्यंत आपल्या बरोबरीचा असलेला माणूस आज मालक. शिंगेन १५७३ च्या जानेवारीत मिकातागाहाराला इएयासुला चिरडतो आणि मे महिन्यात आजाराने वाटेतच मरतो. मरण तीन वर्षं लपवा असं सांगून गेला म्हणतात, आणि कात्सुयोरी हा फक्त नातू नोबुकात्सु मोठा होईपर्यंतचा सांभाळणारा असंही. हे दुसरं 'कोयो गुनकान'मधलं आहे, तो ग्रंथ आपल्या बखरींसारखा समजा, घरच्या माणसांच्या आठवणी, जिव्हाळा भरपूर, तारखा चुकीच्या, आणि आताच्या रूपात सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिकडचं काही वहीत घेतलं तर वेगळ्या रंगाने लिहा. नोबुनागाच्या बाजूचं चरित्र, 'शिनचो को की', तिसऱ्या रंगाने. पत्रं मिळाली तर सगळ्यात वर.

नागाशिनो वाचताना चार प्रश्न विचारा. फौज किती? पारंपरिक आकडे १५ हजार विरुद्ध ३८ हजार, बंदुका नसत्या तरी हे कठीणच. बंदुका किती? ३ हजार आणि तीन रांगा आळीपाळीने हे प्रसिद्ध आहे पण अभ्यासकांना मान्य नाही, जुन्या नोंदीत १ हजारही दिसतो. जमीन कशी? मध्ये ओढा, पलीकडे लाकडी कुंपणं. आणि चौथा, जो कुणी विचारत नाही, मागे काय झालं? इएयासुचा सरदार साकाई तादात्सुगुने रात्रीतून जाऊन पहाटे तोबिगासु डोंगरावरची ताकेदांची ठाणी मारली, म्हणजे परतीची वाट धोक्यात आली, पुढे जाण्याशिवाय फारसा मार्ग उरला नाही. तिथे बाबा (हे आडनाव आहे), यामागाता, नाइतो, हारा असे शिंगेनच्या वेळचे सरदार पडले, सानादांचे दोन भाऊ पडले. नुकसान सैनिकांपेक्षा हे मोठं, कारण मालक आणि बाकी सरदार यांना जोडणारी माणसं हीच होती.

पण मरणाचा घाव १५७८ ते १५८१ मधला. १५७८ ला केनशिन मेला, दोन दत्तक मुलं भांडायला लागली, त्यातला कागेतोरा (केनशिनचंच जुनं नाव, माणूस वेगळा) हा होजो उजिमासाचा भाऊ. कात्सुयोरीची बायको होजोंची, म्हणून तो होजोंच्या बाजूने गेला आणि तिथे जाऊन दुसऱ्याशी, कागेकात्सुशी, तह करून आला, सोनं आणि मुलूख घेऊन, बहीणही देऊन. कागेतोरा १५७९ ला मेला आणि होजो इएयासुला जाऊन मिळाले. आता पश्चिमेला ओदा, दक्षिणेला तोकुगावा, पूर्वेला होजो. मग ताकातेनजिन किल्ला, जो कात्सुयोरीने १५७४ ला जिंकला होता. इएयासुने वेढा घातला, शिबंदीने मदत मागितली, शरणही यायला तयार झाली, आणि नोबुनागाचं त्या वेळचं पत्र आहे की शरणागती घेऊ नका, कात्सुयोरी मदतीला आला नाही तर त्याची पत सगळीकडे जाईल. तो येऊ शकला नाही. १५८१ च्या एप्रिलमध्ये, चांद्र तिसऱ्या महिन्यात, किल्ला पडला आणि आतली माणसं कापली गेली. हे पत्र वाचलं की पुढच्या वर्षी किल्ले न लढता का मोकळे झाले ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता चाळीस दिवसांचा तक्ता परत उघडा आणि पुन्हा वाचा. पहिल्यांदा जे फितूर वाटले होते ते आता वेगळे दिसतात. ओयामादाला तर नोबुतादाने बक्षीस द्यायच्या ऐवजी मारलंच. आनायामाही जूनमध्ये गेला, क्योतोच्या होन्नोजी मठात नोबुनागा पडल्यानंतरच्या गोंधळात. त्याच सानादा युकिताकाचा मुलगा मासायुकी मात्र टिकला. आणि ताकेदांचे शेकडो सामुराई इएयासुने स्वतःकडे घेतले, यामागाताच्या लाल चिलखताचा थाट आपल्या सरदाराच्या, ई नाओमासाच्या, पथकाला दिला, खाणींचं ज्ञान ताकेदांकडे काम केलेल्या ओकुबो नागायासुबरोबर सादो बेटावरच्या खाणीपर्यंत गेलं.

कधी जपानला जाणं झालंच तर क्रम असा ठेवा. शिनजुकूहून चुओ लाइनची एक्स्प्रेस साधारण दीड तासात कोफूला सोडते. आधी ताकेदा मंदिर, तिथेच त्यांची त्सुत्सुजिगासाकी गढी होती, खंदक बघा, उंच दगडी बुरुज शोधू नका. मग रयुओ स्टेशनजवळ शिंगेनचा बांध. मग शिनपूचा ओसाड किल्ला, त्याच नावाचं स्टेशन आहे. परत येताना एनझानला उतरून एरिन मठ, शिंगेनची समाधी तिथे आहे, आणि १५८२ ला ओदांनी तो भिक्षूंसकट जाळला तेव्हा मन शांत असेल तर आगही थंड वाटते असं म्हणत काइसेन हा मठाधिपती गेला असं सांगतात, ते शब्द दरवाजावर आहेत. मग काइ-यामातो स्टेशनहून तानोचा केइतोकु मठ, तिथे तिघांच्या समाध्या आहेत, हा मठ इएयासुने बांधवला. घाई करू नका तिथे.

आणि त्याच लाइनने टोकियोकडे परतताना हाचिओजीला उतराच. शिंगेनची एक मुलगी, मात्सु, लहानपणी तिचं लग्न ठरलं होतं नोबुनागाच्या मुलाशी, म्हणजे त्याच नोबुतादाशी. ते मोडलं. १५८२ ला त्याचीच फौज येत असताना ती लहान मुलींना घेऊन डोंगर ओलांडून इथे आली, भिक्षुणी झाली, आणि तिचा शिनशो मठ गावात अजून आहे.